सामाईक स्विच

स्विच म्हटले की दिव्याचे बटण आठवते. आम्ही सांगतो तो स्विच वेगळा. कचेरीतले संगणक ज्या पेटीतून एकमेकांना जोडतात, ती ही पत्र्याची पेटी. पुढे चोवीस खाचा आणि आत सतत घोंगावणारा पंखा.

आम्ही तिघे सिस्कोच्या सीसीएनपी परीक्षेचा अभ्यास करत होतो. दोघे भाऊ-बहीण आणि तिसरा नाशिकरोडचा चुलतभाऊ. २०२३ साल. मुख्य परीक्षेची फी चारशे अमेरिकी डॉलर, म्हणून क्लास लावणे परवडणारे नव्हते. तिघांनी वर्गणी काढून लॅमिंग्टन रोडवरून दोन जुने स्विच आणले आणि आमच्या घरी कपाटाखाली मांडले. इंटरनेटवरून नाशिकरोडचा भाऊही त्यांत शिरून काम करी. वेळा वाटून घेतल्या होत्या, पण त्या तोंडीच.

एका रविवारी चुलतभाऊ सकाळपासून खालच्या स्विचवर चार तास मांडणी करत होता. परीक्षा आठ दिवसांवर आली होती. तो जेवायला उठला. तेवढ्यात थोरल्याला कामावर जेवणाची सुट्टी झाली आणि तोही मोबाईलवरून आत शिरला.

दोन स्विचना जोडणाऱ्या तारेला ट्रंक म्हणतात. एकाच तारेतून वेगवेगळ्या विभागांची वाहतूक जाते. या विभागांना व्हीलॅन म्हणतात. आमच्या ट्रंकवर १० आणि २० नंबरला परवानगी होती. थोरल्याला ३० वाढवायचा होता. आज्ञेत 'ॲड' हा शब्द लागतो. तो राहिला, तर जुनी यादी पुसली जाते आणि नवा नंबर तेवढा उरतो. तेच झाले. आमचा जाण्याचा रस्ता १० मधून होता. तो बंद झाला आणि खालचा स्विच दिसेनासा झाला.

घाबरून त्याने घरी फोन लावला. घरी एकटी आई होती. "आई, खालच्या पेटीचा प्लग काढ, दहापर्यंत मोज आणि परत लाव." आईने तसे केले. केलेला बदल जतन केला नाही, तर तो चालू स्मरणातच असतो आणि वीज गेली की जातो. जतन केलेली जुनी मांडणी परत येते. स्विच सुरू झाला. थोरल्याचा जीव भांड्यात पडला.

पण चुलतभावाचे चार तासही गेले, कारण त्यानेही जतन केले नव्हते.

"विचारायचं तरी होतं, दादा," एवढेच तो म्हणाला आणि तीन दिवस स्विचकडे फिरकला नाही. थोरला म्हणे, त्याने जतन का केले नाही? बहीण दोघांवर चिडली. शेवटी आई म्हणाली, "चाळीच्या नळावर हंडा कोणाचा ते विचारल्याशिवाय आम्ही तो सरकवत नव्हतो. तुम्ही एवढे शिकलेले!"

त्या रात्री शंभरपानी वही आली. आत कोण गेले, कधी, काय बदलले, ते लिहायचे. बाहेरचा भाऊ फोनवर सांगे, आई लिहून घेई. उठण्याआधी आपली मांडणी आपल्या फाईलमध्ये उतरवायची. धोक्याचा बदल करण्याआधी दुसऱ्याला विचारायचे, सध्याची मांडणी जतन करायची आणि 'रीलोड इन १०' ही आज्ञा द्यायची. रस्ता बंद झाला, तर स्विच दहा मिनिटांनी आपोआप जुन्या मांडणीवर येतो. सर्व ठीक झाले, तर ती आज्ञा आठवणीने रद्द करायची. कोणाला प्लग काढायची गरज नाही.

चुलतभाऊ पहिल्या खेपेला नापास झाला. त्या चार तासांमुळे असे तो कधी म्हणाला नाही. थोरल्याला मात्र आजही तसेच वाटते. दुसऱ्या खेपेची फी तिघांनी मिळून भरली, आणि तो पास झाला.

ज्यांच्या घरी मुले सामाईक वस्तूवर शिकतात, त्यांना एवढेच सांगणे आहे. पैसे एकत्र करणे सोपे असते. आपली पाळी संपताना दुसऱ्याचे काम शाबूत ठेवणे, हे शिकावे लागते. आता ते स्विच शेजारची मुलगी वापरते. तिला आम्ही आधी वही दिली, मग तारा.