गोठणगावची अमाला

"बाई, कडेकडेनं चाल. तिथं शेवाळ आहे, पाय घसरते."

मॅक्लिओडगंजच्या दाट धुक्यात, दलाई लामा राहतात त्या टेकडीला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर हे शब्द ऐकले आणि मी थबकले. मागे वळून पाहिलं. घोट्यापर्यंत पोचणारा करडा चुबा, त्यावर लग्न झालेल्या तिबेटी बायका बांधतात तो आडव्या रंगीत पट्ट्यांचा पांगदेन, एका हातात माळ, दुसऱ्यात काळी छत्री. सत्तरीपलीकडची बाई. मी नुकतीच बहिणीशी फोनवर बोलत होते, ते तिनं ऐकलं होतं.

"नागपूरकडची ना तू? बोलण्यावरून समजते."

"अर्जुनीची. अर्जुनी-मोरगाव."

ती हसली. छत्री कलली, तिचं पाणी माझ्या खांद्यावर पडलं. "मग गावचीच झाली. मी गोठणगावची."

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे चटकन उमगायचं नाही. गोंदिया जिल्ह्यात, प्रतापगडच्या डोंगराजवळ गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिचं नाव नोरग्येलिंग, १९७२ साली वसलेली. आम्ही तिला नुसतं 'कॅम्प' म्हणायचो. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या जत्रेला जाताना बैलगाडीतून तिथल्या झाडांना बांधलेल्या निळ्या-पांढऱ्या-लाल-हिरव्या-पिवळ्या पताका दिसायच्या. हिवाळा लागला की कॅम्पातली माणसं स्वेटरची गाठोडी घेऊन मोठ्या शहरांत जायची. माझ्या शाळेचा पहिला निळा स्वेटर आईनं त्यांच्याकडूनच घेतला होता. पण ती माणसं कुठून आली, का आली, हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. पुढे मी तीस वर्षं इतिहास शिकवला. मीही कुणाला शिकवलं नाही. हे मनात सलत होतं, म्हणूनच निवृत्तीनंतर पहिला मोठा प्रवास इकडे केला. २०२५चा जुलै. ६ जुलैला दलाई लामांना नव्वद वर्षं पूर्ण होणार होती.

पठाणकोटपर्यंत रेल्वे, पुढे बस. धर्मशाळेच्या वरच्या अंगाला, साधारण २,००० मीटर उंचीवर मॅक्लिओडगंज आहे. पावसाळ्यात धौलाधारच्या रांगा दिसतच नाहीत. दिसतं ते समोरचं देवदाराचं झाड, त्यामागे पांढरं काहीतरी, आणि त्यातून अचानक पुढे येणारे लाल वस्त्रातले भिक्खू. बाजार म्हणजे चढउताराच्या दोन चिंचोळ्या वाटा. वाफाळणारे मोमो, पांढरे फुगीर तिंगमो, दुकानाच्या पायरीवर विणत बसलेल्या बायका, आणि मध्येच प्रार्थनाचक्रांची रांग. जाणारा-येणारा हात लावून ती फिरवतो आणि भाजी घ्यायला पुढे जातो.

हे गाव मुळात इंग्रजांचं. ४ एप्रिल १९०५ला कांगड्याचा भूकंप झाला, सुमारे वीस हजार माणसं गेली, आणि इंग्रजांनी इथून पाय काढता घेतला. बंगले ओस पडले. इथं १८६०पासून एका पारशी कुटुंबाचं, नौरोजींचं दुकान होतं. १९५९ साली दलाई लामा ल्हासाहून निघाले, ३१ मार्चला भारतात आले आणि आधी मसुरीला राहिले. त्यांच्यासाठी कायमची जागा शोधली जात होती, तेव्हा या रिकाम्या बंगल्यांकडे सरकारचं लक्ष वेधणारे होते त्याच दुकानाचे नौरोजी. १९६०च्या एप्रिलअखेर दलाई लामा इथं आले. ओसाड पडलेलं गाव परागंदा झालेल्या माणसांनी भरलं. असं नशीब फार थोड्या गावांच्या वाट्याला येतं.

टेकडीला वळसा घालणाऱ्या त्या पायवाटेला इथले लोक 'कोरा' म्हणतात. कोरा म्हणजे प्रदक्षिणा. देऊळ, मठ आणि निवासस्थान उजवीकडे ठेवून चालायचं. वाटेवर मंत्र कोरलेले दगड रचून ठेवलेले, झाडाझाडांना पताका, बसायला बाकं. गोठणगावची ती बाई, अमाला (आईला तिबेटीत असंच म्हणतात, आणि मीही तिला तेच म्हणू लागले) रोज तीन फेऱ्या करत होती. मी सोबत चालू लागले. ती बोलत होती, मधेच ओठ मंत्राकडे वळत, मग पुन्हा गोष्ट जिथं सोडली तिथून सुरू.

सहा वर्षांची होती तेव्हा बापाच्या पाठुंगळी बसून ती हिमालय उतरली. पाठचा भाऊ वाटेतच गेला. "बर्फात खड्डा खणता येत नाही," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ माळ ओढत राहिली. मी काही विचारलं नाही.

भारतात आल्यावर आईवडील हिमाचलातल्या रस्त्यांवर खडी फोडायला लागले. हजारो तिबेटी तेव्हा याच कामावर होते. उंच थंड पठारावरची माणसं, दरडींखाली, तंबूत. लेकरं आजारी पडत. अशाच रस्त्यांवरच्या छावण्यांतून एक्कावन्न मुलं १९६०च्या मे महिन्यात इथं आणली गेली. दलाई लामांची थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा यांनी त्यांना सांभाळलं, आणि त्यातून तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज उभं राहिलं. अमालाची धाकटी बहीण तिथंच शिकली. पुढे कितीतरी आईबापांनी तिबेटातून आपली मुलं अनोळखी वाटाड्यांच्या हाती देऊन खिंडींपलीकडे पाठवली, शिकावीत म्हणून. परत भेट होईल याची खात्री नसताना. २००८नंतर सीमेवरचा पहारा असा आवळला की येणाऱ्यांची संख्या आटत गेली. मी शाळेच्या फाटकापाशी उभी राहून गणवेशातली मुलं पाहिली. शिक्षिका म्हणून आयुष्य काढलेल्या बाईला ते फाटक ओलांडून आत जावंसं वाटलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी अमाला गोठणगावला पोचली. "जंगल होतं सारं. अन् ऊन! आमची म्हातारी माणसं ओल्या कापडात पडून राहायची. धान कसं रोवतात ते बाजूच्या गावच्या बायांनी शिकवलं. परे कसे उपटायचे, बांधीत कंबर कशी वाकवायची." भाषाही त्याच चिखलात शिकली. तिच्या तोंडून 'बांधी' (धानाचं शेत) आणि 'परे' (धानाची रोपं) हे शब्द ऐकताना मला समोरचे देवदार दिसेनासे झाले.

आपल्याकडे ओळख झाली की पहिला प्रश्न असतो, तुमचं गाव कोणतं? इथं हा प्रश्न विचारताना माझी जीभ अडायची. मी उतरले होते तिथल्या तरुणाला विचारला, तर तो म्हणाला, "आम्दो." आम्दो हा तिबेटचा ईशान्येकडचा प्रदेश. त्यानं तो कधी पाहिलेला नाही, तो इथंच जन्मला. त्याच्याकडे निर्वासिताची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आहे; ती ठरावीक मुदतीनं नवी करून घ्यावी लागते, आणि परदेशी जायचं तर पासपोर्टऐवजी पिवळं पुस्तक. त्याचा थोरला भाऊ १९८५चा, हा १९९०चा. आईवडील तिबेटात जन्मलेले. भारतात १ जुलै १९८७पूर्वी जन्मलेल्याला कायद्यानं नागरिक मानतात, दिल्ली उच्च न्यायालयानं २०१०मध्ये हे तिबेट्यांनाही लागू असल्याचं सांगितलं. एका आईची दोन मुलं, एका घरात, एक मतदार होऊ शकतो, दुसरा पाहुणा. हा तरुण कुणाला दोष देत नव्हता. चहात साखर किती, ते विचारत होता. मला मात्र हा अन्याय वाटतो, आणि तसं म्हणायला मी कचरणार नाही.

बाजारात एका फलकावर लहान मुलाचा फोटो आहे, गालांवर लाली असलेला. गेधुन छोक्यी न्यिमा. १९९५च्या मे महिन्यात दलाई लामांनी त्याला पंचेन लामा, म्हणजे आपल्याखालोखालचे धर्मगुरू, म्हणून ओळखलं, आणि तीनच दिवसांत चीननं त्याला कुटुंबासह नेलं. सहा वर्षांचा होता. २०२५च्या त्या जुलैत छत्तीस वर्षांचा असेल. पुढच्या दलाई लामाचंही असंच होईल, ही भीती इथं होती. म्हणूनच २ जुलैला दलाई लामांनी जेव्हा सांगितलं की ही परंपरा पुढे चालेल आणि पुढचा दलाई लामा ओळखण्याचा अधिकार त्यांच्याच गाडेन फोद्रांग ट्रस्टकडे राहील, तेव्हा इथल्या म्हाताऱ्या बायका डोळे पुसत होत्या.

सहा तारखेला पाऊस थांबलाच नाही. देवळाचं आवार छत्र्यांनी आणि माणसांनी गच्च भरलं होतं. अमालानं माझ्यासाठी गोणपाटाचा तुकडा अंथरून ठेवला होता. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, त्यात तांदूळ. "घरचा. गेल्या सालचा. पूजेला आणला." दोन भिक्खूंच्या आधारानं दलाई लामा सावकाश चालत आले तेव्हा आवार एकदम शांत झालं, पत्र्यावरचा पाऊस तेवढा ऐकू येत होता. अमालानं हात जोडले आणि मान खाली घातली. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. पन्नास-साठ तास प्रवास करून आलेली बाई, आणि पाहिलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती मला म्हणाली, चार दिवस थांब, अजून पूजा आहेत. मी विचारलं, तुम्ही थांबणार ना? तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं एक कान हातानं झाकला, आणि मंत्र म्हणणाऱ्या त्या गर्दीत मोठ्यानं बोलू लागली.

"आला का पाऊस? मग थांबता काहून? बाया मिळाल्या का? ... अन् खालच्या बांधीचे परे आधी काढा, ते पिवळे पडतात. मी परवाच्या गाडीनं निघते."

फोन कमरेला खोचून तिनं पिशवीतले उरलेले तांदूळ झटकून गोळा केले, माळ पुन्हा हातात घेतली आणि कोऱ्याची राहिलेली फेरी पुरी करायला निघाली.