आंबोली घाट आणि सायकलची ट्यूब

सावंतवाडीहून कोल्हापूरला यायला फोंड्याचा घाट आहे, करूळचा आहे. पण जुलैत आंबोली सोडून दुसऱ्या वाटेने जाणं आमच्या घरात मंजूर होत नाही. मोती तलावाला वळसा घालून निघालो तेव्हा पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली, पाठीवर इरल्याऐवजी निळं-पिवळं प्लास्टिक घेतलेल्या बायकांची रांग चिखलात वाकलेली. दाणोलीला साटम महाराजांच्या मठाशी थांबून हात जोडले, पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. इथवर गाडीची काही तक्रार नव्हती. सपाट रस्त्यावर तशी ती कधीच करत नाही.

दाणोली मागे पडली की चढ लागतो. पहिलं मोठं वळण दुसऱ्या गिअरमध्ये घेतलं आणि गाडीने झटका खाल्ला. ॲक्सिलरेटर दाबला तर पिकअप नाही, सोडला तर इंजिन बंद पडायच्या बेतात. समोर पिवळा 'चेक इंजिन' दिवा लागला. मागच्या सीटवरून हिने विचारलं, "पेट्रोल भरलं होतं ना?" घाटात गाडी अडली की हा प्रश्न येतोच.

शेजारी माझा मेहुणा बसला होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याची लेथ आहे. आजूबाजूला फाउंड्री, वेल्डिंग, इंजिनांची कामं. त्यामुळे गाडी नुसती ऐकून अंदाज बांधायची सवय. दरीच्या बाजूला जरा रुंद जागा मिळाली तिथे गाडी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. तो बॉनेट उघडून बाजूला उभा राहिला. गाडीच्या पुढ्यात उभं राहायचं नाही, हे त्याने आधी माझ्या पोराला बजावलं.

"दाजी, हँडब्रेक ओढा, पायातला ब्रेक दाबून धरा. पयला टाका आणि क्लच जरासा सोडा."

इंजिन गचके देऊ लागलं.

"आता रिव्हर्स टाका. तसंच."

इंजिन शांत. पुन्हा पहिला, पुन्हा गचके. तो हसला. "पयल्याला तोंड उघडतंय, रिव्हर्सला मिटतंय. रबरी पाइप गेलाय बघा."

फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत हवा नेणारी ही नळी मधोमध भात्यासारखी वळ्यावळ्यांची असते. कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं आणि फिल्टरचा डबा बॉडीला घट्ट बसवलेला असतो. दोघांमधली ओढाताण त्या वळ्यांनी सोसायची. पुढच्या गिअरमध्ये जोर लागला की इंजिन एकीकडे झुकतं, रिव्हर्सला दुसरीकडे. वर्षानुवर्षं हे चालतं, त्यात बॉनेटखालची उष्णता, त्यात ब्रीदरच्या नळीतून येणारी तेलाची वाफ. रबर कडक होतं आणि वळीच्या खोबणीत, नेमकं खालच्या अंगाला, चिरतं. वरून बघणाऱ्याला नळी धडधाकट दिसते. मेहुण्याने खालून बोट घालून वळ्या फाकवल्या तेव्हा बोटाच्या पेराएवढी चीर दिसली, कडा तेलाने काळ्या झालेल्या.

माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्यालगत आहे. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण 14.7 भाग हवा, हे गणित कॉम्प्युटर त्या सेन्सरच्या भरवशावर मांडतो. चीर सेन्सरच्या पुढे पडली की न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि चढावर, जिथे दम हवा तिथेच, इंजिन कच खातं. ज्या गाड्यांत हवा मोजायच्या ऐवजी मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यांना अशा चिरेने सहसा काही जाणवत नाही. तो प्रकार मला जास्त वाईट वाटतो. गाडी मजेत चालते आणि न गाळलेली धूळ सिलिंडर घासत राहते.

डॅशबोर्डच्या कप्प्यात काळी इन्सुलेशन टेप होती. "हिच्यावर भरवसा नाही, पण वरपर्यंत नेईल," म्हणत त्याने नळी फडक्याने पुसली आणि वेढे दिले. तेवढ्यात पाऊस आलाच. आंबोलीचा पाऊस म्हणजे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरातला. तो काही आमच्या टेपसाठी थांबणार नव्हता. तरी गाडी ओढू लागली. धबधब्यापाशी मात्र नेहमीची जत्रा: रस्त्यावर आडव्या लावलेल्या गाड्या, भाजलेली कणसं, उघड्या अंगाने नाचणारी टोळकी आणि त्या सगळ्यातून वाट काढणारी एसटी. रांगेत इंजिन तापत राहिलं आणि दिवा पुन्हा लागला. बघितलं तर टेपचा गोंद पातळ होऊन वेढे घसरले होते. सपाट तारेसाठी केलेली टेप वळ्यांच्या नळीवर नीट बसत नाही, आणि तेलकट रबर तिला धरू देत नाही.

रखडत आंबोली गाव गाठलं. रस्त्याकडेला पत्र्याच्या छपराचं पंक्चरचं दुकान होतं. आत एक म्हातारे गृहस्थ स्टुलावर बसून ट्यूब घासत होते. त्यांनी वाकून नळी पाहिली.

"टेप लावलात? तेलकट रबराक टेप धरूची नाय. आधी थंड होव देत, मगे बघूया."

पुढचं काम मी डोळे लावून बघितलं. इंजिन निवल्यावर त्यांनी दोन्ही टोकांच्या क्लिपा सैल केल्या, नळी बाहेर काढली आणि थ्रॉटलच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. आत काही पडलं तर इंजिनाचं वाटोळं. टेपचा चिकटा खरवडून काढला, फडक्यावर थोडं पेट्रोल घेऊन रबर पुसलं, ते वाळू दिलं. मग कानशीने चिरेभोवतीचा भाग खरखरीत केला. पंक्चरचं सोल्युशन पातळ लावून बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबले आणि वर ठिगळ दाबलं. मेहुणा म्हणाला, एवढं पुरे. म्हाताऱ्यांनी मान हलवली. ठिगळ चीर झाकतं, ओढ सोसत नाही. ओढ सोसायला वेगळं काहीतरी हवं.

त्यांनी सायकलची जुनी ट्यूब घेतली, वाल्व्हचा भाग कापून टाकला, उभी चिरून तिची लांब पट्टी केली. नळीवर ती गुंडाळताना प्रत्येक वेढा ताणून, आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवून. ताणलेलं रबर खोबणीत आपोआप बसत जातं. दोन्ही टोकांना केबल टाय आवळले आणि उरलेली शेपटं कापली. तार का नाही, असं मी विचारलं. "तार रबरात घुसता," एवढंच उत्तर आलं. बसवल्यावर त्यांनी हातभर पाइपचा तुकडा कानाला लावून दुसरं टोक नळीभोवती फिरवलं. फुसफुस नव्हती. पैसे विचारले तर ट्यूब भंगारातली म्हणून फक्त केबल टायचे मागितले. हिने आग्रह करून पोराच्या हातून जास्तीचे दिले.

ही युक्ती इथे चालण्याचं एक कारण असं की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाच्या या नळीत आतून ओढ असते. पट्टी चिरेवर खेचली जाते, म्हणजे इंजिन स्वतःच ती दाबून धरतं. टर्बो डिझेलमध्ये टर्बोच्या पुढच्या नळीत उलट प्रकार: आतून दाब, आणि असलं ठिगळ पहिल्याच चढाला फुगून सुटणार. शिट्टीसारखा आवाज, मागे काळा धूर, हे तिथलं लक्षण. तिथे जुगाडाच्या नादी लागू नये.

पुढे रस्ता उताराचा आणि सोबतीला हिरण्यकेशी. आंबोलीत उगम पावणारी ही नदी समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घेतला, कारण तो न घेता घरी गेलं तर आईला तोंड दाखवता येत नाही. गडहिंग्लजपर्यंत दिवा विझला नव्हता, पण झटके गेले होते. संकेश्वरला हायवेला लागलो तेव्हा गाडीने चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अंग सैल सोडलं. निपाणी, कागल कधी आलं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याच्या लेथवर चहाबरोबर त्या नळीची पंचायत बसली. एकाचं म्हणणं एम-सील लावायचं होतं; ते दगडासारखं घट्ट होतं आणि हलणाऱ्या रबरावर तडकतं. फेविक्विकचं तेच. दुसऱ्याने मधे पीव्हीसी पाइपचा तुकडा घालून दोन क्लिपा आवळल्याची गोष्ट सांगितली. पण बॉनेटखालच्या तापात पीव्हीसी मऊ पडतं, आणि ताठ नळी इंजिनाचे हिसके थेट थ्रॉटलला देते. गॅस्केटचं सिलिकॉन आतून लावलं तर त्याचा गोळा सुटून आत ओढला जायची भीती. सगळ्यांचं एकमत झालं ते ताणली की स्वतःलाच चिकटणाऱ्या रबरी टेपवर. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, तिला गोंदच नसतो. ती आता माझ्या गाडीत काळ्या टेपच्या जागी आहे.

नळी मी त्याच आठवड्यात नवी घातली. म्हाताऱ्यांची ट्यूब अजून घट्ट होती, पण तिच्याखालची नळी म्हातारीच होती; एक वळी चिरली की शेजारची फार दिवस राहत नाही. तुमची गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर पावसात घाट चढण्याआधी, इंजिन थंड असताना, बॉनेट उघडा आणि त्या वळ्या खालच्या बाजूने बोटांनी फाकवून बघा. चीर दिसली तर नवी नळी घाला, आणि वाटेतच फाटली तर मेकॅनिक शोधत बसण्याआधी पंक्चरवाल्याला गाठा.