फोन कानाला होता का?

सातारा, रविवार

चि. मुक्ता,


तुला नोटीस आली, हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं. मामाला कळू देऊ नको असं तू बजावलंयस, हेही त्याच दमात सांगितलं. अगं, माझ्यापासून काय लपवायचं? मागल्या वर्षी माझंच लायसन्स तीन महिने निलंबित होतं. आळीत मी सांगत होतो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी बंद केलीय म्हणून.

माझा गुन्हाही तुझ्यासारखाच. स्कूटरवर मोबाइल कानाला. मामी सांगत होती, येताना कोथिंबीर आण. हवालदाराने लायसन्स काढून घेतलं, मी दंड भरला आणि वाटलं, मिटलं. मिटत नसतं. लायसन्स आरटीओकडे जातं आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली कारणे दाखवा नोटीस निघते.

सुनावणीला जाच. नाही गेलीस तर तुझ्यावाचून निकाल होईल. मी दोन फुलस्केप भरून बचाव नेला होता. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "फोन कानाला होता का?"

"होता, पण..."

"पण काय ते लिहून द्या."

कोथिंबीर काय लिहून देणार? फुलस्केपांची घडी घालून खिशात टाकली. तुझं कारण खरंच मोठं असेल, कुणाला दवाखान्यात वगैरे नेत असशील, तर कागदासकट मांड. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत अपील करता येतं. नुसताच राग आला असेल तर त्या भानगडीत पडू नको.

आरटीओच्या फाटकाशी झाडाखाली एजंट भेटेल. "ताई, आजच सोडवून देतो," म्हणेल. निलंबनाची नोंद संगणकावर असते, तो तुला काय सोडवून देणार! चहाचे पैसेसुद्धा देऊ नको.

निलंबनाच्या काळात गाडीला हात लावायचा नाही, दूध आणायलाही नाही. कलम १८२ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, १० हजार दंड, किंवा दोन्ही. शिवाय कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी हात वर करू शकते. मी दर रविवारी अंगणात स्कूटर स्टँडवर लावून पाच मिनिटं चालू ठेवायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारचा पोरगा कुंपणावर बसून विचारायचा, "काका, डोळे बरे झाले?"

आणि मुदत संपली की लायसन्स आपोआप घरी येईल असं समजू नको. २०१९ च्या दुरुस्तीने उजळणी प्रशिक्षणाची अट घातलीय. ते पुरं केल्यावरच परत मिळतं. त्या वर्गात माझ्या शेजारी एक ट्रकवाला होता, वीस वर्षं घाट चढउतार केलेला. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर म्हणाला, "कोथिंबिरीपायी?" आणि वर्गभर हसत बसला. प्रशिक्षणाचा कागद नीट जप, लायसन्स घ्यायला जाताना तो लागेल.

हल्ली फोन डिकीत असतो. मामी चिडते, पण कोथिंबीर आठवणीने आणतो.

शनिवारी एसटीने ये. स्टँडवर घ्यायला येईन, चालतच.

तुझा,
मामा