कोरडा कचरा

2016 च्या घनकचरा नियमांनी गृहस्थाच्या कचऱ्याचे ओला, कोरडा आणि घरगुती घातक असे तीन वर्ग केले. 2020 च्या अखेरीस मानेसरला महानगरपालिका लाभली आणि हा उपदेश आमच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला. कारकुनाला वर्गवारीचे वावडे कसले? भाजीची देठे एका बादलीत, डबे-बाटल्या दुसरीत, संपलेले सेल निराळे. चुकलोच तर आठ वर्षांचे चिरंजीव हटकतात. शाळेत त्यांचा हा धडा पाठ झालेला!

परवा कचेरीतून परततो तो दाराशी कोरड्या कचऱ्याची चवड रचलेली. वर खोकी, खाली माझे बारा वर्षांचे दिवाळी अंक. पुण्याच्या रद्दीवाल्याकडे गेले असते, तर कुणा रसिकाने एखादा हुडकून नेला असता. इथल्या कबाड्याच्या काट्यावर ते नुसते किलो, आणि पुढे लगदा. पण रागवावे कशाला? वर्गवारी बिनचूक होती.

एक अंक ओढून काढला, चिरंजीवांना जवळ बसविले आणि वाचावयास सांगितले. हिंदीमुळे देवनागरी सरावाची. दोन ओळी भराभर झाल्या. मग ‘आभाळ’ हा शब्द आला. ‘आभा’ म्हणून ते थांबले आणि पुढच्या अक्षरावर बोट ठेवून माझ्याकडे पाहू लागले.