नव्या घराचा वास

वडील कुडाळजवळच्या गावात सुतारकाम करायचे. फणसाचं लाकूड कापलं की पडवीत पिवळा भुसा पडायचा आणि दोन दिवस घरभर गोडसर वास असायचा. मी ठाण्यात येऊन घरांच्या अंतर्गत सजावटीची कामं घ्यायला लागलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. इथल्या कामाचा वास वेगळा. प्लायवूड, डिंक, थिनर, पॉलिश. दार उघडलं की डोळ्यांत किंचित चुरचुर. गिऱ्हाईक आत पाऊल टाकताच म्हणायचं, "वा, नव्या घराचा वास!" मलाही ती कामाची पावती वाटायची.

ती समजूत एका मुलीच्या खोलीनं मोडली.

घोडबंदर रस्त्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. खोली दहा बाय अकरा, मुलगी सहा वर्षांची. जमिनीपासून छतापर्यंत कपाट, खाली सामानाची पेटी असलेला पलंग, अभ्यासाचं टेबल, त्यावर पुस्तकांच्या फळ्या. बजेट ताणलेलं होतं, म्हणून सांगाडा एमआर या स्वस्त ग्रेडच्या प्लायचा आणि दारं एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डची. दिवाळीत राहायला जायचं म्हणून पॉलिशचा शेवटचा हात वसुबारसेच्या आदल्या दिवशी मारला. तिसऱ्या आठवड्यात मुलीच्या आईचा फोन आला. "दादा, ती त्या खोलीत झोपायलाच तयार नाही. डोळे चोळते, खोकते. आमच्या खोलीत आली की बरी असते."

मी गेलो. एसी लावायचा म्हणून खिडक्या घट्ट बंद. टेबलाचा खालचा खण ओढला आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी आलं. खणाच्या आत ना लॅमिनेट ना रंग, नुसता कच्चा प्लाय. कपाटाची पाठ तशीच, बिजागऱ्यांसाठी पाडलेली भोकं तशीच. जे दिसतं ते सगळं मी गुळगुळीत केलं होतं आणि जे दिसत नाही ते उघडं सोडलं होतं.

डोळ्यांतलं ते पाणी फॉर्माल्डिहाइडमुळे होतं. हे नाव तोवर माझ्या कानावरून गेलेलं होतं, हाताशी आलेलं नव्हतं. स्वस्त प्लायचे थर, एमडीएफचा आणि पार्टिकल बोर्डचा भुसा युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदानं चिकटवलेला असतो. दमट हवेत आणि उष्णतेत हा गोंद हळूहळू सुटतो आणि वायू सोडत राहतो. सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यांत जास्त, पुढे वर्षानुवर्षं थोडा थोडा. लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागापेक्षा कापलेल्या उघड्या कडेतून तो कितीतरी अधिक निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली फॉर्माल्डिहाइडला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. ठाण्याची हवा वर्षातले बरेच महिने दमट आणि उबदार असते. म्हणजे हा वायू सुटायला जे लागतं ते सगळं इथे हजर, त्यावर मी खोली गच्च भरली होती आणि दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या.

सगळं फर्निचर काढून नवं करणं ना त्या घराला परवडणारं होतं ना मला. मी सुताराला घेऊन बसलो आणि चार दिवस प्रत्येक कड, प्रत्येक भोक, प्रत्येक खणाची आतली बाजू बंद केली. कपाटाची दारं उघडी, खिडक्या उघड्या, पंखा दिवसरात्र चालू. मुलगी दीड महिना आईवडिलांच्या खोलीत झोपली. त्या घराकडून मी उरलेले पैसे मागितले नाहीत.

तेव्हापासून माझी खरेदी बदलली. दुकानदाराला मी पहिल्यांदा गोंद विचारतो, भाव नंतर. प्लायच्या आयएस ३०३ या मानकात एमआर (ओलावा सोसणारी) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारी) अशा दोन ग्रेड येतात. पहिलीत बहुधा युरियाचा गोंद, दुसरीत फिनॉलचा किंवा मेलामाइन मिसळलेला, आणि हे दुसरीतले गोंद वायू कमी सोडतात. फिनॉलचा गोंद असला तर प्लायच्या कडेला थरांमध्ये गडद तपकिरी रेघ दिसते. ती बघायला मी गिऱ्हाइकालाच दुकानात नेतो. वायू कमी सोडणाऱ्या मालावर बऱ्याचदा ई-वन किंवा ई-झिरो असा शिक्काही असतो. मुलांच्या खोलीत एमडीएफ मी आता वापरत नाही. आणि सामान मुळातच कमी करतो. छतापर्यंतचं कपाट म्हणजे चाळीस-पन्नास चौरस फूट जास्तीचा बोर्ड, आणि त्याच्या वरच्या कप्प्यांत वर्षभर कुणाचा हात पोचत नाही.

वडील एकदा माझं काम बघायला आले होते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटावर हात ठेवून म्हणाले, "भिंतीक चिकटवलंस? लाकडाक वारो लागाक व्हयो." पुढच्याच पावसाळ्यात त्या भिंतीतून ओल आली आणि कपाटामागे काळी बुरशी धरली. आता बाहेरच्या भिंतीपासून मी दोन इंच अंतर सोडतो आणि कपाटाला खाली-वर जाळी देतो. सुताराला दरवेळी समजावून सांगावं लागतं.

पर्यावरणपूरक म्हणून जे विकायला येतं, त्यात मी फार निवड करतो. ज्यूटचा गालिचा दिसायला सुंदर, पण ठाण्यातल्या जुलैत त्याला कुबट वास येतो आणि तो धुताही येत नाही. त्यापेक्षा सुती सतरंजी बरी. धुवा, गच्चीवर उन्हात टाका. बांबूचं कापड म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोस असतं, बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा. खरा बांबू हवा तर आमच्या सिंधुदुर्गातला माणगा घ्यावा. जवळजवळ भरीव असतो, सरळ वाढतो, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला की भुंगा लागत नाही. त्याच्या खुर्च्या आणि पडद्यांचे दांडे मी बऱ्याच घरांत दिले आहेत. पलंगावर जमेल तिथे कापसाची गादी देतो. पिंजारी शोधावा लागतो, अजून मिळतो. गादी दर दोन-तीन वर्षांनी पिंजून घेतली की नव्यासारखी होते, आणि फेकायची वेळ आली तरी मातीत मिसळते.

जुनं सागवान हे माझं सगळ्यांत लाडकं साहित्य. मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींचे दरवाजे, चौकटी, जिन्याचे कठडे भंगारवाल्यांकडे येतात. शंभर वर्षं मुरलेलं लाकूड, आता फारसं ना फुगायचं ना वाकायचं. इथे मात्र एक काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि मशीननं कोरडं घासलं तर ते धुळीबरोबर घरभर पसरतं. जुना रंग मी ओला करून खरवडतो, तोही घराबाहेर, आणि खरवड गोळा करून बंद पिशवीत भरतो. लहान मूल असलेल्या घरात कुणी जुनं दार जागेवरच घासायला काढलं तर मी ते काम थांबवतो.

कुंडीतल्या रोपांनी हवा शुद्ध होते असं खूप जण मानतात. १९८९ च्या नासाच्या एका प्रयोगावरून ही गोष्ट पसरली, पण तो प्रयोग छोट्या बंद पेट्यांत झाला होता. २०१९ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की उघड्या खिडकीइतका परिणाम साधायला एका चौरस मीटरमध्ये दहापासून हजारपर्यंत रोपं लागतील. रोपं जरूर लावा, मलाही आवडतात. पण खिडकीचं काम खिडकीच करते.

स्मार्ट उपकरणांकडे मी त्या मुलीच्या खोलीतूनच वळलो. माझं नाक वर्षानुवर्षांच्या थिनरनं बधिर झालं होतं. त्याच्यावर विसंबून चालणार नव्हतं. मी हवा मोजायचं यंत्र घेतलं. घेताना एक धडा मिळाला: स्वस्त यंत्रातला फॉर्माल्डिहाइडचा आकडा अत्तर फवारलं, स्पिरिट सांडलं तरी उसळतो, त्यावर भरवसा ठेवू नये. कार्बन डायऑक्साइड मोजणारा इन्फ्रारेड पद्धतीचा सेन्सर मात्र खरं बोलतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचा आकडा दहा लाखांत ४२० भागांच्या आसपास असतो. मी तो सेन्सर माझ्याच घरात, एसी लावून बंद केलेल्या खोलीत रात्री ठेवला. आम्ही दोघं झोपलेलो. पहाटे आकडा २,००० च्या वर गेला होता. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवत राहतो, हे मी कित्येक एसी बसवून घेतल्यावर त्या पहाटे खऱ्या अर्थानं समजलो. सकाळचं जड डोकं मी वयाच्या खात्यावर टाकत आलो होतो.

आता बेडरूममध्ये मी या सेन्सरला एक्झॉस्ट पंख्याची साधी जोडणी करतो. आकडा १,००० ओलांडला की शेजारच्या बाथरूममधला एक्झॉस्ट आपोआप सुरू होतो, खिडकीच्या वरच्या अरुंद झडपेतून ताजी हवा आत येते, आणि जायला वाट हवी म्हणून बाथरूमच्या दाराखाली अर्धा इंच फट ठेवतो. खर्च एका चांगल्या पडद्याइतका. ही जोडणी झालेल्या घरांतून मला नंतर सर्वांत जास्त फोन आले, आणि ते सगळे झोपेबद्दल होते.

बाहेरची हवाही धुळीचीच असते ना, हा प्रश्न घोडबंदरला कुणीही विचारेल. हिवाळ्यात पहाटेची हवा शुद्ध असते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गारठ्यामुळे धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात, आणि ऊन तापलं की वर जातात. म्हणून थंडीत मी खिडक्या दुपारी उघडायला सांगतो. फोडणी देताना आणि देवघरात उदबत्ती लावल्यावर मात्र कुठल्याही ऋतूत.

बाकीच्या उपकरणांत मी हात आखडता घेतो. जुन्या इमारतींत स्विचबोर्डपर्यंत न्यूट्रलची तार नेलेलीच नसते, आणि बहुतेक स्मार्ट स्विचना ती लागते; मग भिंती फोडायच्या का, हे आधी ठरवावं. घरात भिंतीवरचं साधं बटण राहिलंच पाहिजे, इंटरनेट गेलं तरी आजीला दिवा लावता आला पाहिजे. बीएलडीसी पंखा मी प्रत्येक घरात देतो: जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, हा तीसच्या आसपास. आणि म्हाताऱ्या माणसांच्या पलंगाखाली हालचाल ओळखणारा मंद पिवळा दिवा. पाय खाली टेकले की बाथरूमपर्यंतची वाट उजळते. काही शे रुपयांची वस्तू आहे, पण माझ्या मते घरात तिच्याइतकं मोलाचं तंत्रज्ञान दुसरं नाही.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या खोलीतलं टेबल अजून तेच आहे.

तुम्ही नव्या घराचं काम काढत असाल तर माझं एवढं ऐका. शक्य असेल तर सुतारकाम उन्हाळ्यात संपवा. प्रत्येक खण ओढून आतली कड बंद केली आहे का ते स्वतः हात फिरवून बघा. मुहूर्त धरून वास्तुशांत करा, कलश ठेवा, जेवणावळ घाला. मग कपाटांची दारं आणि खिडक्या उघड्या टाकून निदान एक महिना जुन्या घरीच राहा, आणि मुलांना सगळ्यांत शेवटी तिथे झोपवा.