लारहून आलेला बेळगावकर

2023 साली पाडवा 22 मार्चला होता आणि इराणी नवरोज त्याच्या आदल्या दिवशी. सूर्य विषुववृत्तावर आला की इराणचं वर्ष पालटतं. आपला पाडवा चंद्राच्या तिथीनं चालतो, त्यामुळे दोन्ही सण इतके शेजारी दर वर्षी येत नाहीत. मी नवरोजच्या सकाळी निपाणीहून बेळगावला निघालो.

निपाणीच्या बाजारात साखरेच्या गाठी लटकत होत्या. पाट्यांवर कन्नडमध्ये युगादी, घासाघीस मराठीत. हवेत नेहमीची तंबाखूची खाट. संकेश्वरला हिरण्यकेशी ओलांडली. महामार्ग सोडून जरा पूर्वेला गेलं की हुक्केरीचे आदिलशाही घुमट लागतात, पण मला ओढ बेळगावच्या किल्ल्याची होती.

हा किल्ला 1472 मध्ये बहमनी वजीर महमूद गावाननं सुरुंग लावून घेतला. गावान मूळचा इराणातल्या गिलानचा. पुढे आदिलशाहीत बेळगावची जहागीर आली असदखान लारीकडे, म्हणजे दक्षिण इराणातल्या लारच्या माणसाकडे. किल्ल्यातली सफा मशीद त्याची, 1519 सालची. आत जाऊन खांब बघावेत. काहींवर जुने नागरी लिपीतले कन्नड लेख आहेत, रट्ट आणि यादव राजांच्या काळातले. जवळच 1204 ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर. राज्यकर्ते बदलले तरी चांगला दगड कुणी वाया घालवला नाही.

ही माणसं ज्या इराणातून आली, तिथल्या घरात नवरोजला ‘स’ अक्षराच्या सात वस्तू मांडतात. सफरचंद, लसूण, सिरका त्यांत असतात, आणि ताटलीत उगवलेला कोवळा गहूही. तो हिरवा गहू म्हणजे नवरात्रातल्या घटाचा सख्खा भाऊ. तेराव्या दिवशी तो वाहत्या पाण्यात सोडतात.

सफा मशीद उभी राहिली त्याच वर्षी इराणच्या शाहचा वकील आदिलशाहीच्या राजधानीत, विजापूरला आला. त्यावर इस्माईल आदिलशाह इतका खूश झाला, की त्यानं आपल्या सैनिकांना इराणी धर्तीच्या बारा टोकांच्या लाल टोप्या घालायला लावल्या. 1534 मध्ये इब्राहिम आदिलशाह गादीवर आला आणि त्यानं त्या टोप्या उतरवल्या. परदेशी सरदारांपैकी बहुतेकांना घरी पाठवलं आणि हिशेबाचं दफ्तर फारसीतून काढून ब्राह्मण कारकुनांच्या हाती, मराठीत दिलं. इतिहासकार फरिश्ता त्या भाषेला नुसतं ‘हिंदवी’ म्हणतो. सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून आज निपाणी-बेळगावात निवेदनं द्यावी लागतात. तेव्हा विजापूरच्या सुलतानानं ते आपणहून केलं होतं.

या उलथापालथीत इराणी असदखान मात्र बेळगावात टिकला. कान भरणारे पुष्कळ होते, सुलतानाशी बिनसलंही, पण 1549 पर्यंत जहागीर त्याचीच राहिली. त्याचा दर्गा कॅम्पात आहे.

तो अखेरच्या दुखण्यात आहे हे कळल्यावर इब्राहिम भेटायला निघाला होता, पण पोहोचेपर्यंत खान गेला होता. सुलतानानं घरच्यांना मानाची वस्त्रं दिली, धीर दिला, आणि खजिना नि जहागीर सरकारजमा केली.