साखळीचा आवाज

म्हाताऱ्या माणसाचा खोकला आणि म्हाताऱ्या मोटारीची खळखळ यांत एक साम्य आहे. घरच्यांच्या कानांना ती इतकी सरावलेली असतात की ऐकूच येत नाहीत, पाहुणा मात्र पहिल्याच सकाळी दचकून विचारतो, "हे काय हो?" आमच्या गाडीबद्दल हा प्रश्न विचारला तो माझ्या धाकट्या भावाने. तो पुण्याहून किनवटला आला होता, आणि नवरात्र तीन आठवड्यांवर आले होते.

गाडी म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. दुधाच्या सायीसारखा रंग, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला हाताचा गियर, आणि दार लावताना जुन्या कपाटासारखा येणारा भरदार आवाज. त्या काळी मोटार विकत घेणे म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणे नव्हे. आधी नाव नोंदवायचे, मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुलगी उपवर होण्याच्या आधीपासून वरसंशोधन सुरू करावे तसा तो प्रकार. आमचे वडील डॉक्टर. गाडी आली आणि त्यांची मांडवी, बोधडी, इस्लापूरपर्यंतची रात्रीबेरात्रीची धावपळ जरा सुसह्य झाली. अडलेल्या बाळंतिणीला मागच्या बाकावर निजवून नांदेड गाठण्याचे काम या गाडीने कितीदा केले, त्याचा हिशेब वडिलांनी ठेवला नाही, आणि गाडीच्या मीटरलाही तो ठेवता आला नाही. तो मध्येच कधीतरी बंद पडला होता.

भावाने सकाळी गाडी सुरू केली, तीनचार सेकंद कान दिला आणि बोनेटवर हात ठेवून तो म्हणाला, "दादा, हे काही बरं लक्षण नाही. आता हिला भंगारात काढ."

त्याचे म्हणणे वावगे नव्हते. दर नवरात्रात आम्ही आईला माहूरला नेतो. रेणुकेचा डोंगर काही सपाट नाही. आई ब्याऐंशी वर्षांची. चढावर गाडी बंद पडली तर म्हाताऱ्या जिवाने उन्हात किती वेळ बसायचे? पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, तीही मुदत जवळ आली होती. नोंदणीवर खर्च करायचा, दुरुस्तीवर करायचा, आणि इतके करून गाडी घाटात बसली तर? भावाने बोटांवर हिशेब मांडला आणि आईकडे पाहिले.

आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "बरी होत असंल तर हिनंच जाऊ. नसंल होत तर तुझ्या गाडीनं. पण आधी दाखवा तरी कुणाला." डॉक्टरची बायको, तपासणीआधी निदान तिला चालत नाही.

निदानाचे दोन प्रयत्न आधी झालेच होते. एका गॅरेजवाल्याने कार्ब्युरेटर साफ केला, दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ठिणगीची वेळ पुढे ओढून दिली. त्याने आठवडाभर गाडीला हुशारी आली, आणि मग पुन्हा चढावर दम लागू लागला. तेव्हा आम्ही चाचांकडे गेलो.

चाचा आता दुकानात बसतात ते केवळ सवयीने. पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली आहे, एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकतो आहे. दुकान मुलेच चालवतात, तेही दुचाक्यांचे. पण पद्मिनी दिसताच चाचा खुर्चीवरून उठले. त्यांनी एक लांब पेचकस घेतला, त्याचे टोक चालू इंजिनाच्या अगदी पुढच्या भागावर टेकवले आणि मूठ कानाला लावली. वडील छातीला नळी लावून डोळे मिटून घेत, तसेच चाचांनीही डोळे मिटले.

"टापेट नाय ये, बेटा. टापेट टिकटिक करतंय. ही खळखळ करायली. चेन हाय, टायमिंगची."

किनवटची भाषा ही अशीच असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून नांदेडला आला. पैनगंगेच्या काठी आणि सागवानाच्या जंगलात मराठी, तेलुगू, दखनी, गोंडी, लमाणी अशा पाच भाषा एकमेकींच्या अंगणात वावरतात. चाचा एका वाक्यात त्यांतल्या तिघींना सहज बोलावतात. आजार मात्र ते ज्या भाषेत सांगतील त्या भाषेत कळतो.

आता ही साखळी असते कशासाठी, हे ज्यांनी कधी बोनेटखाली डोकावले नाही त्यांना सांगायला हवे. इंजिनात दोन मुख्य दांडे फिरतात. खालचा क्रँक, त्याला पिस्टन फिरवतात. दुसरा कॅम, तो झडपा उघडतो : एक ताजी हवा आणि पेट्रोल आत घ्यायला, दुसरी धूर बाहेर सोडायला. पिस्टन दोनदा खाली आणि दोनदा वर गेला की एक आवर्तन पुरे होते. तेवढ्यात क्रँकचे दोन फेरे होतात आणि प्रत्येक झडप एकदाच उघडायची असते. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा बरोबर दुप्पट दाते. या दोन चाकांना बांधून ठेवणारी ती साखळी. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर एकेक झडप सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते, तेही ठरल्या क्षणी. एखाद्या भजनी मंडळात टाळकऱ्याने ठेका अर्धी मात्रा मागे नेला तर पखवाजवाल्याचे जे होते, ते साखळी सैल झाली की इंजिनाचे होते. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण जीव जात नाही. शिवाय आमच्या गाडीत ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटरही कॅमवरूनच फिरतो. म्हणजे झडपाही उशिरा आणि ठिणगीही उशिरा. ठिणगी फिरवून पुढे आणता येते, झडपा येत नाहीत. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचा गुण आठवडाभरच का टिकला, ते मला इथे उमगले.

साखळी ताणली गेली असे आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखे ताणले जात नाही. प्रत्येक कडीतली खीळ आणि तिच्याभोवतीची नळी एकमेकींवर घासून केसभर झिजते. एका कडीचे हे केसभर कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण कड्या मोजा आणि गुणाकार करा. सायकलची चेन अशीच लांबते, आणि दोघींचे घराणेही एकच आहे. हान्स रेनॉल्ड नावाच्या मूळच्या स्विस माणसाने १८८० साली मँचेस्टरमध्ये जी नळीदार कड्यांची साखळी काढली, तिच्याच या लेकीनाती. मोटारीतली साखळी इंजिनाच्या तेलावर जगते. रात्रभरात तेल खाली उतरून जाते. म्हणून सकाळी पहिली दोनचार सेकंदे कोरडी साखळी जास्त ओरडते आणि तेल चढले की गप्प होते. गप्प होते म्हणजे बरी होते असे नव्हे.

भावाने विचारले, "चाचा, नुसत्या आवाजावरून इंजिन उघडायचं?"

चाचांनी त्याच्याकडे कौतुकानेच पाहिले. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, आतला रोटर उघडा केला, आणि क्रँकच्या मोठ्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवले. रोटर फिरू लागला. मग पाना उलट दिशेला वळवला. क्रँक फिरला, आणखी फिरला, रोटर जागचा हलेना. बऱ्याच वेळाने तो चुळबुळला. "हा जो मधी फुकट गेला ना, तो सगळा चेनचा ढिला," चाचा म्हणाले. भाऊ संगणकाच्या कंपनीत आहे. त्याला पुरावा लागतो, आणि मिळाला की तो भांडत नाही. त्याने स्वतः दोनदा पाना फिरवून पाहिला आणि विचारले, "सामान कुठं मिळेल?"

सामान मिळाले कुर्ल्याला. त्यात मला मोठी मौज वाटली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिचा कारखाना कुर्ल्याचा. म्हणजे आमची गाडी जिथे जन्मली त्याच गावातून चाळीस वर्षांनी तिच्यासाठी नवी साखळी यायची होती. पद्मिनी निघणे केव्हाच बंद झाले. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सीदेखील २०२३ च्या ऑक्टोबरात वयाची वीस वर्षे भरली म्हणून निवृत्त झाली. पण गाड्या गेल्या तरी त्यांचे अवयव जुन्या बाजारात फिरत राहतात. भाच्याने सी.एस.टी. रोडवर दिवसभर हिंडून साखळी आणि दोन्ही चाके असा संच मिळवला. चाचांनी बजावले होते, नुसती साखळी आणू नका. जुन्या दात्यांना वाकडे झिजण्याची सवय लागलेली असते, ते नव्या साखळीलाही चार दिवसांत आपल्यासारखे करतात. संच नंदिग्राम एक्स्प्रेसने आला. भाच्याने एकाऐवजी दोन पाठवले होते. दुसरा कशाला, असे विचारले तर म्हणाला, "मामा, पुन्हा मिळेल न मिळेल."

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले. चाचांच्या मुलांनी हे काम कधी केले नव्हते. ते गिऱ्हाइकांच्या स्कूटरींत गुंतले होते. मदतीला आली ती नात. अकरावीत शिकणारी मुलगी, वेणी ओढणीखाली खोचलेली, हातात मोबाईलची बॅटरी. पाणी सोडून रेडिएटर काढला, पंख्याचा पट्टा काढला. मग आला तो क्रँकच्या पुल्लीचा नट. चाळीस वर्षांचा नट सहजासहजी वळत नाही. चाचांनी गाडी चौथ्या गियरमध्ये टाकली, भावाला आत बसवून ब्रेक गच्च दाबायला सांगितले, म्हणजे इंजिन फिरणार नाही; पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घातली आणि आम्ही दोघांनी तिच्यावर भार टाकला. "या अली" असे चाचा म्हणाले, "जय रेणुके" असे मी म्हणालो, आणि नट कट् करून सुटला. श्रेय कुणाचे, यावर नंतर चहा पिताना चर्चा झाली.

झाकण निघाले आणि साखळी दिसली. ती मधोमध इतकी लोंबत होती की झाकणाच्या आतल्या बाजूला तिने घासून एक चकचकीत रेघ पाडली होती. भाऊ बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिला. चाचांनी जुनी आणि नवी साखळी एका खिळ्याला शेजारी शेजारी टांगली. जुनी जवळजवळ पाऊण कडीने खाली आली. आणखी काही महिन्यांत ती एखादा दाता ओलांडून पुढे सरकली असती, आणि मग घाट काय नि सपाटी काय, इंजिन होते तिथेच राहिले असते.

खरी कसोटी पुढेच होती. दोन्ही चाकांवर एकेक बारीक टिंब असते. ती दोन टिंबे समोरासमोर आणून साखळी चढवायची. एक दाता इकडेतिकडे झाला की सगळा खटाटोप फुकट. चाचांनी टिंबे नखाने चाचपली, साखळी बसवली, आणि बोल्ट हातात घेतले. तेवढ्यात नात म्हणाली, "नाना, थांबा. एक दाता मागं आहे."

"नाय," चाचा म्हणाले.

"हाय नाना. ते टिंब नाही, ग्रीजमधला खडा आहे. टिंब हे इकडं."

क्षणभर कुणीच बोलले नाही. पन्नास वर्षे ज्याने तालुक्याची इंजिने उघडली त्याला अकरावीतली पोर चारचौघांत अडवीत होती. चाचांनी फडके घेऊन चाक पुसले, तिने दाखवले तिथे नख नेले, आणि न बोलता साखळी पुन्हा उतरवली. मग तिच्याकडे चाके सरकवून ते म्हणाले, "तूच बसव. मी पकडतो."

तिने बसवली. इंजिन हाताने पुरे दोन फेरे फिरवून टिंबे परत समोरासमोर येतात का, ते चाचांनी तिला तीनदा बघायला लावले. तीनदा येऊन भेटली. नवे सील, नवे पॅकिंग, झाकण, पुल्ली, रेडिएटर, ताजे तेल. मग ठिणगीची वेळ पुन्हा लावून घेतली, कारण गॅरेजवाल्याने फिरवलेला डिस्ट्रिब्युटर आता फार पुढे झाला होता. संध्याकाळी गाडी सुरू केली तेव्हा पुढची खळखळ नाहीशी झाली होती, आणि आजवर तिच्या गोंगाटात लपलेली टापेटची टिकटिक ऐकू येऊ लागली. भावाने लगेच भुवया उंचावल्या. चाचा म्हणाले, "तिला ऱ्हाऊ दे. थोडं बोलायला पायजे गाडीनं."

अष्टमीला आम्ही माहूरला गेलो. भावाने आपली गाडी मागून आणली. मी काही म्हटले नाही, आईनेही नाही. चढावर मी तिसरा गियर टाकला आणि कान देऊन बसलो, पण आईच बोलत होती, तेव्हा इंजिनाचे फारसे काही ऐकता आले नाही. वडील याच वळणावर गाडी थांबवून रेडिएटरला पाणी पाजत, हे ती सांगत होती. या खेपेला पाणी पाजावे लागले नाही.

तेल पुन्हा केव्हा बदलायचे ती तारीख नातीने बोनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे. मीटर बंद आहे म्हणून किलोमीटर नाहीत, नुसती तारीख. दुसरा संच मी तिच्याच दुकानात ठेवला. आदिलाबादला एकांकडे पद्मिनी आहे म्हणे, आणि मागच्या महिन्यात ती गाडी बाजाराला आली होती तेव्हा तिने तिचा सकाळचा आवाज ऐकून ठेवला आहे.